ट्रॉलीचा मागचा दिवा जळतोय की नाही, ड्रायव्हरला कसं कळणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गळीत हंगाम सुरू झाला की पेपराच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. रात्रीच्या वेळी उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून दुचाकी धडकली. बातमीचं शेवटचं वाक्यही ठरलेलं: ट्रॉलीला दिवे व रिफ्लेक्टर नसल्याचं नागरिकांचं म्हणणं आहे. पुढं चार दिवस संताप, मग कुठल्यातरी कारखान्यावर रिफ्लेक्टर वाटपाचा कार्यक्रम, पुढाऱ्यांच्या हस्ते, फोटोसह. आणि पुन्हा बातमी.

मी पलूस भागात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. दिवाळीपासून होळीपर्यंत माझ्या दुकानापुढं ट्रॅक्टर आणि डबल ट्रॉल्याच उभ्या असतात. एमएच-१० आणि ११ आपल्या, एमएच-५० कराडच्या, आणि ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेल्या बीडकडच्या एमएच-२३. या सगळ्यांच्या वायरिंगमध्ये हात घातल्यावर माझं मत असं झालंय की ‘दिवे नव्हते’ हे बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. दिवे असतात. पासिंगच्या दिवशी लागलेलेही असतात. ते विझले कधी, हे ज्यानं ट्रॅक्टर चालवायचा त्यालाच कळत नाही. मला लिहायचंय ते एवढ्यावरच.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. मागं दोन ट्रॉल्या, दोन्हींत फाळक्याच्या, म्हणजे कडेच्या फळीच्या, वर माणूसभर ऊस, शेवटचा दिवा पन्नासएक फुटांवर. आरशात दिसतं ते पहिल्या ट्रॉलीतल्या उसाचं वाढं. इंजिनाच्या आवाजात मागून कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. पूर्वी बरोबर क्लिनर पोरगं असायचं, ते उतरून बघायचं आणि हात करायचं. आता खेपेच्या भाड्यात दुसऱ्या माणसाचा पगार बसत नाही, म्हणून ड्रायव्हर एकटाच. त्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, “मिस्त्री, काल तर चालू हुता.” काल चालू होताच. फडातून एकेक ट्रॉली ओढून रस्त्यावर काढताना दुसऱ्या ट्रॉलीचं सॉकेट काढलं, पुन्हा जोडताना पिन अर्धीच बसली, आणि दिवा गेला.

हा दिवा मरतो कसा, तेही जरा जवळून सांगतो. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची. मागं दोन फिलामेंटचा बल्ब असतो, त्यात टेल लाइटचं फिलामेंट पाच वॅटचं आणि ब्रेकचं एकवीस वॅटचं. इंडिकेटरचा बल्ब एकवीस वॅटचा. मोकळी ट्रॉली खड्ड्यातून आदळत परत येते तेव्हा ते बारीक फिलामेंट तुटतं. तरी बल्ब उडाला तर तो सोपा दोष, दहा मिनिटांत बदलता येतो. खरी कटकट अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडं परत येण्याच्या वाटेची. बऱ्याच ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच ओढलेली नसते. दिव्यातून गेलेला करंट ट्रॉलीच्या चासीतून, हुकातून आणि पिनीतून ट्रॅक्टरच्या बॉडीत परत येईल, असा भरवसा. हुकाला गंज, वर चिखल, त्यावर उसाचा रस वाळलेला. पिन हलली की वाट बंद. मग इंडिकेटरच्या बल्बातून निघालेला करंट दुसरी वाट शोधत त्याच दिव्यातल्या टेल लाइटच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो. मागून बघणाऱ्याला इंडिकेटर आणि टेल लाइट दोन्ही मंद, लालसर, एकदम मिचमिचताना दिसतात. गाडी वळणार की थांबणार की सरळ जाणार, त्यातून काहीच कळत नाही. होल्डर उघडला तर आत पितळेवर हिरवा थर धरलेला. पॉलिश पेपरनं घासला, अर्थची एक वायर ओढून थेट सॉकेटच्या तीन नंबरच्या पिनीवर आणली, की दिवा लख्ख. काम किरकोळ आहे, पण दिवा गेलाय हे आधी कळायला तर हवं!

दिव्याजवळ न जाता त्याची तब्येत कळण्याची सोय नवी नाही. आपल्यातल्या पुष्कळांच्या दारात उभ्या असलेल्या चारचाकीत ती आहे. इंडिकेटर दिला की डॅशबोर्डात टकटक ऐकू येते. मिनिटाला साठ ते एकशेवीसच्या दरम्यान उघडझाप व्हावी असा नियम आहे. मागचा एखादा बल्ब उडाला की हीच टकटक एकदम घाईला येते, साधारण दुप्पट. इंडिकेटरची उघडझाप करणारा जो इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आत असतो, त्यात एक अगदी बारीक रेझिस्टन्स असतो. बल्बांकडं जाणारा करंट त्यातून जातो आणि फ्लॅशर त्याच्यावरचा व्होल्टेज मोजत राहतो. एकवीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपियर ओढतो. तेवढा करंट कमी झाला की फ्लॅशर ओळखतो, एक गेला. नव्या गाड्या तर दिवा बंद असतानाही क्षणभर करंट सोडून फिलामेंट शाबूत आहे का बघतात, दिवा डोळ्याला पेटलेला दिसतही नाही.

मग ट्रॅक्टरला हे का जमत नाही? कारण ट्रॅक्टर बांधणारी कंपनी एक, ट्रॉली बांधणारा गावचा वर्कशॉपवाला दुसरा, आणि दोघांच्या मधली वायर कुणाचीच नाही. ट्रॉलीचे इंडिकेटर बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यातून टॅप मारून नेलेले असतात. ट्रॅक्टरचे स्वतःचे पुढचा-मागचा असे दोन बल्ब जळत असले की फ्लॅशरचं समाधान होतं. त्याला सांगितलंय दोनच बल्ब मोजायला. मागच्या दोन्ही ट्रॉल्या अंधारात असल्या तरी डॅशबोर्डवरचा हिरवा बाण तालात उघडझाप करतो आणि ड्रायव्हरला वाटतं, सगळं झकास चाललंय.

युरोपात यावर जुनाच तोडगा आहे. दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरसाठी तिथं वेगळा फ्लॅशर मिळतो. त्याला सी, सी-२ आणि सी-३ अशी तीन टोकं असतात आणि डॅशबोर्डवर तीन छोटे दिवे. ट्रॅक्टरचे दोन बल्ब जळले तर पहिला दिवा मिचमिचतो. तिसऱ्या बल्बचा करंट ओढला गेला तर दुसराही, चौथ्याचा ओढला गेला तर तिसराही. दोन ट्रॉल्या जोडल्यात आणि तिसरा दिवा लागत नाही, म्हणजे कुठला तरी एक बल्ब गेला. कुठला, ते तो सांगत नाही, फक्त मोजतो. पण उतरून बघायला तेवढं पुरे. परदेशी बनावटीच्या एका ट्रॅक्टरवर मी हे स्वतः हाताळलंय. आपल्याकडं दोन ट्रॉल्यांइतकी सर्रास वाहतूक चालते, तरी ही तीन दिव्यांची सोय आमच्या फडात दिसत नाही.

आता एलईडीचं. गेल्या काही वर्षांत जो तो ट्रॉलीला आणि ट्रॅक्टरलाही एलईडीच्या पट्ट्या लावतो. दिवा म्हणून एलईडी चांगलाच, खड्ड्यात तुटत नाही, बॅटरी खात नाही. पण तो करंट इतका कमी ओढतो की ट्रॅक्टरच्या स्वतःच्या बल्बाजागी लावला तर फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय, आणि टकटक घाईला येते. गिऱ्हाईक म्हणतं, “आवाज नीट कर.” मग बाजारात मिळणारा डमी रेझिस्टन्स एलईडीला समांतर जोडला जातो. साधारण सहा-सात ओहमचा, म्हणजे एकवीस वॅटच्या बल्बाइतकाच करंट फुकट जाळणारा. टकटक ठीक झाली, गिऱ्हाईक खूष. पण आता एलईडी मेला तरी डमी करंट ओढतच राहणार आणि फ्लॅशर गप्प बसणार. वर्गात गैरहजर पोराच्या नावाला शेजारच्यानं ‘हजर’ म्हणावं, तसला प्रकार. दोष ओळखणारी जी काही थोडीफार सोय गाडीत होती, ती आपणच पैसे देऊन बंद पाडली. ऑटो इलेक्ट्रिकवाल्या माझ्या भावांनो, राग मानू नका, पण हे काम आपल्याच हातून होतंय.

टीका करून मोकळं होण्यापेक्षा मी काय करतो ते लिहितो. यात माझा शोध काही नाही. जुन्या महागड्या गाड्यांत बल्ब गेल्याची खबर देणारं रिले, म्हणजे करंटवर चालणारं स्विच, याच तत्त्वावर असायचं. रीड स्विच म्हणून काचेची बारीक नळी मिळते, आत लोखंड-निकेलच्या दोन पात्या. जवळ चुंबक आला की त्या चिकटतात. नळीभोवती वायरचे वेढे दिले आणि त्यातून दिव्याचा करंट नेला, की ते वेढेच चुंबक होतात. एकवीस वॅटच्या बल्बाला वीसएक वेढे पुरतात. पाच वॅटचा टेल लाइट अर्ध्या अँपियरपेक्षाही कमी ओढतो, त्याला ऐंशी-नव्वद लागतात. दिवा जळतोय तोवर पात्या चिकटलेल्या. फिलामेंट तुटलं, वायर निघाली किंवा होल्डर सडला, तरी करंट थांबतो आणि पात्या सुटतात. कारण कुठलंही असो, खबर एकच. म्हणून मला ही युक्ती आवडते.

असे दोन रीड मी दुसऱ्या ट्रॉलीवरच एका छोट्या डबीत बसवतो, एक डाव्या टेल लाइटच्या वायरीवर आणि एक उजव्या. सात पिनी सॉकेटमध्ये डाव्या-उजव्या टेल लाइटला वेगवेगळ्या पिना दिलेल्या असतात, त्यामुळं हे सोपं जातं. दोन्ही रीडच्या पात्या एकामागे एक जोडायच्या. त्याच सॉकेटची दोन नंबरची पिन, निळ्या वायरीची, परदेशात मागच्या फॉग लाइटसाठी असते. आमच्या ट्रॉल्यांवर ती रिकामीच पडलेली असते. तिच्यातून खबर ट्रॅक्टरपर्यंत आणायची आणि स्टेअरिंगजवळ एक हिरवा एलईडी लावायचा, एक किलोओहमच्या रेझिस्टन्ससह. शेवटचे दोन्ही दिवे जळत असतील तरच हिरवा लागतो. रीड, डबी, वायर आणि मजुरी धरून खर्च एका टायरच्या पंक्चरांच्या हंगामभराच्या बिलाहून कमीच होतो. इंडिकेटरसाठी हेच करायचं तर आणखी एक वायर ओढावी लागते. ज्याला परवडेल त्यानं ओढावी, पण रात्रीच्या धडका वाचवायच्या तर टेल लाइट आधी.

यात एक गोष्ट मी कुणाला बदलू देत नाही. काही ड्रायव्हर म्हणतात, बिघाड झाला की लाल दिवा पेटेल असं करा. तसं नको. तो लाल दिवाच उडालेला असला, किंवा सॉकेट निघालेलं असलं, तर बिघाड होऊनही काहीच पेटणार नाही आणि माणूस बिनघोर पुढं जाईल. हिरवा लागलाय तोवरच चालायचं, विझला की बाजूला घेऊन बघायचं. हिरवा स्वतः उडाला तरी ड्रायव्हर थांबतो, फुकट उतरतो, एवढंच नुकसान. आणि निघताना एकदा दिव्यांचं बटण बंद करून बघायचं. तेव्हाही हिरवा लागलेलाच राहिला तर समजायचं, पात्या चिकटून बसल्यात.

रेल्वेत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आमचं मिरज जंक्शन जवळ, तिथल्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले एक काका माझ्याकडं स्कूटरची बॅटरी भरायला यायचे. ते सांगायचे, सिग्नलच्या दिव्याच्या वाटेत करंटवर चालणारा रिले असतो. लाल दिवा विझला की स्टेशनात बसलेल्या माणसाला पॅनेलवर कळतं, कुणी खांबावर चढून बघायला जात नाही. त्यांचं दुसरं सांगणं मला जास्त लागलं. गाडीच्या शेवटच्या डब्यामागं रात्री लुकलुकणारा लाल दिवा असतो, दिवसा ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) अक्षरांची पाटी. प्रत्येक स्टेशनातून गाडी जाताना तो दिवा बघायला माणूस नेमलेला असतो. दिवा दिसला नाही तर गाडी मध्येच तुटली असेल असं धरूनच पुढचं ठरवतात. तिकडं शेवटच्या डब्याच्या एका दिव्यासाठी एवढी यंत्रणा. आमच्याकडं पन्नास फूट लांब, टनावारी ऊस भरलेला डोलारा ताकारीच्या वळणावरून रात्री दोन वाजता जातो आणि त्याचा शेवटचा दिवा बघणारा पहिला माणूस म्हणजे मागून येणारा मोटारसायकलवाला.

करंट मोजून सगळं कळतं असंही माझं म्हणणं नाही. फिलामेंट जळतंय एवढंच रीड सांगतो. काचेवर बोटभर चिखल बसलाय किंवा फाळक्याबाहेर आलेल्या उसाच्या टिपऱ्या दिव्यावर लोंबतायत, हे त्याला दिसत नाही. भरलेल्या ट्रॉलीत दुसरा प्रकार फार होतो. शेवटच्या मोळ्या टाकताना टोळीला घाई असते, दिवा झाकला जातो. त्यासाठी दिवा फाळक्याच्या खाली, चासीच्या आडव्या पट्टीवर, जरा बाहेर काढलेल्या कंसात बसवायला हवा. रिफ्लेक्टर टेपही हवीच. वायर, बॅटरी सगळं मेलं तरी मागच्या गाडीच्या उजेडात ती चमकते. रिफ्लेक्टर वाटणाऱ्यांना मी हसत नाही. फक्त पुढं एखाद्या ट्रकचा प्रखर दिवा डोळ्यांवर असला, धुकं असलं, टेपवर चिखल असला, तर तिचा उपयोग किती, हे ज्यांनी रात्री कराड–तासगाव रस्त्यावर मोटारसायकल चालवलीय त्यांना विचारावं.

गेल्या हंगामाआधी मी हा हिरवा दिवा घेऊन एका कारखान्याच्या वाहतूक विभागात गेलो होतो. बॅटरी, बल्ब, सगळं टेबलावर जोडून दाखवलं. बल्ब काढला, हिरवा विझला. बल्ब लावला, हिरवा लागला. साहेबांनी कौतुक केलं, चहा पाजला आणि म्हणाले, “आमचं रिफ्लेक्टर वाटप झालंय, पेपरात फोटोपण आलाय.” मी सामान पिशवीत भरलं. त्यांच्यावर राग नाही. त्यांच्याकडं विचारणा होते ती वाटप झालं का याची, दिवे जळतायत का याची नाही.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १०४ वा नियम रिफ्लेक्टरचा आणि १०५ वा दिव्यांचा आहे. म्हणजे दिवे हवेत हे कायदा सांगतोच. पण आरटीओत ट्रॉली उभी राहते ती दिवसाउजेडी, रिकामी आणि धुतलेली. त्या घटकेला दिवा लागला की काम झालं. त्यानंतर पाच महिने तो दिवा कुणाच्या भरवशावर? पोलीसदादा हायवेवर पावती फाडतात तेव्हा ड्रायव्हर खरोखर बुचकळ्यात पडलेला असतो. त्याला वाटतं उगाच पकडलं.

हे बदलण्याची जागा मला कारखान्याच्या वाहतूक करारात दिसते. हंगामाआधी कारखाना वाहतूकदाराशी करार करतो आणि उचल देतो. त्याच वेळी दुसऱ्या ट्रॉलीला हिरव्या दिव्याची अट घालता येईल, खर्च पहिल्या बिलातून कापता येईल. तपासणीलाही जादा माणूस नको. भरलेली गाडी काट्यावर उभी राहते, तेव्हा वजन घेणाऱ्यानं ड्रायव्हरला लाइट लावायला सांगावं, हिरवा दिसला तर पावतीवर खूण करावी. मागं कॅमेरा असेलच, तर चिखल आणि टिपऱ्याही त्यात दिसतील. रिकामी ट्रॉली परत निघताना पुन्हा तेच. हिरवा नाही त्याला फाटकाजवळच थांबवावं. कारखान्याच्या आवारात वायरमन असतोच, आणि तिथं नंबरला तासन्‌तास उभं राहणाऱ्या गाडीचा वेळ तसाही जातच असतो. साखर आयुक्तालयानं गाळप परवान्याबरोबर असं एक कलम सगळ्यांना लावलं तर कारखान्या-कारखान्यांत वाहतूकदार पळवापळवीचंही कारण उरणार नाही. एकट्यानं अट घातली तर टोळी आणि ट्रॅक्टर शेजारच्या कारखान्याकडं जातात, ही भीती खरी आहे, ती मी ऐकलीय.

या जोडणीचा कागद मी दुकानाच्या भिंतीवर लावून ठेवलाय. कुणाही मिस्त्रीनं यावं, मोबाइलवर फोटो काढून न्यावा, आपल्या गावात लावावं, मला त्यातलं काही नको. फक्त एलईडीला डमी रेझिस्टन्स जोडलेला ट्रॅक्टर आणलात तर तो डमी आधी काढावा लागेल, आणि टकटक पुन्हा घाईला आली म्हणून तक्रार करायची नाही.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
ता. पलूस, जि. सांगली